पंचमीचा टाका

आषाढ सरून श्रावण लागला होता. रात्रभर कोसळलेल्या पावसाचे ओघळ कर्णाईगडाच्या कड्यावरून अजून पांढऱ्या दोऱ्यांसारखे लोंबत होते, आणि उगवतीला ढगांत एक फट उघडून तिच्यातून आलेला पिवळा उजेड जेव्हा झेंडा बुरुजावर पडला, तेव्हा तटावरच्या एकाही माणसाने सूर्यनारायणाला हात जोडले नाहीत. वेढा पडून चार महिने झाले होते. पाऊस असला की खालची तोफ गप्प राही आणि उघडीप झाली की बोलू लागे, म्हणून गडावरच्या लेकुरवाळ्या बायाही आताशा देवापाशी उजेड मागत नसत; अंधारून येऊ दे, एवढेच मागत.

खालच्या माळावर बादशाही फौजेने मातीचा उंच दमदमा रचला होता आणि त्याच्या माथ्यावर ती बसली होती. दरबारी कागदांत तिचे नाव कोहशिकन, म्हणजे डोंगर फोडणारी. पण छावणीत पोटासाठी राहिलेली मराठी माणसे तिला नुसती थोरली म्हणत, घरातल्या खाष्ट जावेबद्दल बोलावे तशी. त्या सकाळी ती एकदाच धडाडली. गोळा बुरुजाच्या कमरेत बसला. पायथ्याशी फुटका तट सांधायला चुना कालवीत बसलेल्या तिघांपैकी दोघे दगडांखाली असे चिरडले गेले, की कोणाचे काय हे सरण रचतानाही कळले नाही. तिसऱ्याचा डावा हात खांद्यापासून गेला. तो उजवा हात पुढे करून चुन्याची पाटी मागत राहिला आणि मागता मागताच पडला.

गडाच्या दारूखान्याचा कारभार हैबती पाहत असे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. दारू कुटून कुटून त्याच्या हाताच्या रेषा कायमच्या काळ्या झाल्या होत्या. अंगावर उडालेले रक्त न पुसता तो तसाच सदरेवर गेला आणि किल्लेदार निळोजी खराड्यांपुढे उभा राहिला.

"साहेब, आवाज ऐकलात?"

"चार महिने तेच ऐकतोय, हैबती."

"आजचा निराळा होता. चार दिवस झाले, ती बोलताना घसा बसल्यासारखी बोलते. तिच्या मागच्या बुडाशी, कुल्ल्याला, कानाच्या खाली, कुठंतरी तडा गेलाय. जपून वापरली तर अजून पन्नास गोळे टाकील. जोरानं वापरली तर फुटेल."

निळोजींनी बुरुजाकडे पाहिले. "आणि बुरूज किती गोळे सोसेल?"

"तीन."

वीस दिवसांपूर्वी सटवा नावाचा पायक थोरलीच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, पोलादी खिळा ठोकायला खाली उतरला होता. तो पकडला गेला. दुसऱ्या दिवशी उघड्या उन्हात, गडाला नीट दिसेल असा, त्याला त्याच तोफेच्या तोंडी बांधून उडवले. धूर निवळला तेव्हा दोरीने बांधलेली त्याची दोन्ही मनगटे गाड्याच्या चाकांना तशीच लटकत होती. तेव्हापासून दमदम्याच्या आसपास अनोळखी पुरुष दिसला की पहारेकरी आधी कापत आणि मग विचारत.

दुपारी भुरभुर सुरू झाली आणि तोफ झाकली गेली. तेव्हा गडाच्या खालच्या वळणावर पांढरे फडके बांधलेली एक काठी दिसली. काठीमागे एक तरणा गोलंदाज होता, आणि त्याच्या डोक्यावर वेताची करंडी.

"कोण रे तू?" दरवाज्यावरून विचारणा झाली.

"सुभान. बाळाजी शिंप्याचा. आक्काला पंचमीला न्यायला आलोय."

तटावर हसू फुटले. "मुराळी आला बघा. गाडी कुठं आहे मुराळ्या? का तोफेवर बसवून नेतोस बहिणीला?"

"करंडीत काय आणलंस? गोळा का?"

"लुगडं-चोळी आहे," सुभान खालूनच म्हणाला. "आक्काला निरोप द्या. बाकी तुम्ही काय बोलाल ते ऐकून घ्यायलाच आलोय."

आक्का म्हणजे गिरजाऊ, हैबतीची बायको. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि सुभान तीन. त्या वर्षापासून श्रावण शुद्ध चतुर्थीला ती भावाचा उपास धरी आणि पंचमीला नागाची पूजा झाल्यावाचून पाण्याखेरीज काही घेत नसे. बावीस वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. सुभान बादशाही चाकरीत गेला, त्यांच्या सगळ्यांत मोठ्या तोफेचा गोलंदाज झाला, आणि गेल्या चार महिन्यांत त्याच्या नेमाने गडावरची पासष्ट माणसे मेली. तरी चतुर्थीचा उपास तिने याही वर्षी मनात धरलाच होता. कर्णाईपुढे रोज दिवा लावताना ती दोघांसाठी मागे, धन्यासाठी आणि भावासाठी. देवीने दोन्ही कसे द्यावे, ते तिने देवीवर सोडले होते.

सदरेवर तिला बोलावले गेले. निळोजी उठून उभे राहिले, मग बसले.

"बाई, तुमच्या भावाला तुम्हांला बाहेर काढायचंय. त्याला ठाऊक आहे, बुरूज पडला की काय होईल. तुम्ही गेलात तर कोणी नाव ठेवणार नाही. पण जाणारच असाल, तर एक काम आहे. नको म्हणालात तरी चालेल."

हैबतीने दोन्ही मुठी तिच्यापुढे उघडल्या. एका तळव्यावर दारूचे ज्वारीएवढे दाणे होते, दुसऱ्यावर खसखशीएवढे.

"मोठा दाणा दमानं जळतो. गोळ्याला मागून ढकलतो. थोरलीला हाच लागतो. हा बारीक, बंदुकीचा. हा एका दमात पेट घेतो, गोळ्याला हलायलासुद्धा सवड देत नाही. थोरलीच्या थैलीत हा भरला, तर गोळा जागेवर राहील आणि तोफ जाईल." तो थांबला. "थैल्या छावणीतल्या बाया शिवतात. तू शिंप्याची लेक. तुला तिथं सुई हातात घेतल्यावाचून राहवणार नाही, हे कोणालाही पटेल."

गिरजाऊ दाण्यांकडे पाहत राहिली.

"त्या तोफेवर सुभान आहे," हैबती म्हणाला. "हे मी मुद्दाम बोलतोय, साहेब. मागाहून कोणी म्हणायला नको की ठाऊक नव्हतं."

"बुरूज किती धरेल?" तिने विचारले.

"तीन गोळे."

"आणि मग?"

निळोजींचा आवाज खाली आला. "मोरदऱ्याच्या गडाला खिंडार पडलं, त्यानंतर तिथल्या विहिरीचं पाणी वर येऊन वाहू लागलं होतं. इतक्या बाया होत्या आत. लेकरं होती." त्यांनी पुढचे टाळले. "इथं सहाशे माणूस आहे."

मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"त्यांच्या मिर्झा सरदारानं मला गडाचं विचारलं, तर काय सांगू?"

"खरं सांगा. तीन गोळ्यांचं काम उरलंय म्हणा. मग तो सुलतानढव्याची, शेवटच्या हल्ल्याची, माणसं दमदम्याच्या पाठीशीच आणून बसवील आणि स्वतःही तिथंच येईल. मी दिंडी दरवाज्यात तीनशे माणूस उभं करतो. ती फुटली तर उतरतो. नाही फुटली तर खिंडारात मरतो. दोन्हीला माणसं तीच."

हैबती तिला दरवाज्यापर्यंत पोचवायला आला. शेवटच्या पायरीवर तो म्हणाला, "तुला नाही जमलं, तरी मी काही म्हणणार नाही."

"तुम्ही कधी म्हणालात?" ती म्हणाली आणि भावाच्या मागे खाली उतरली.

वेढ्याचा सरदार मिर्झा शमशाद बेग हा लढाईत कठोर आणि बैठकीत अतिशय अदबशीर माणूस होता. गोलंदाजाला बहीण आणायची परवानगी त्याने दयेपोटी दिली नव्हती. बहीण बाहेर असली की याचा हात नेम धरताना कापणार नाही, आणि तिच्या तोंडून गडाचे पोटही कळेल, असा त्याचा दुहेरी हिशेब होता. त्याने तिला डेऱ्यात बोलावले, बसायला जाजम दिले आणि नजर खाली ठेवून विचारले,

"बाई, आपल्या भावाच्या हातात आमची इज्जत आहे. आपण आमच्या पाहुण्या. गड हाती आला की आपल्या यजमानांच्या केसाला धक्का लागणार नाही, हा आमचा शब्द. एकच सांगावं. बुरूज किती दिवस उभा राहील?"

"दिवस नाही, सरकार. तीन गोळे."

"आपण हे सहज सांगितलंत."

"चार महिने रोज माणसं जाळतो आम्ही. लवकर संपावं, असं वाटतं."

यात खोटे काहीच नव्हते, म्हणून ते मिर्झाला खरे वाटले. त्याने त्याच संध्याकाळी आठशे निवडक माणसे दमदम्यामागच्या चरांत आणवली आणि पावसाने उसंत देण्याची वाट पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. थैल्यांच्या पालात दहा-बारा बाया बसल्या होत्या. त्यांची म्होरकी ठकूमावशी; दात पडलेले, पण जीभ शाबूत. गडी मापाने दारू भरून देत, बाया थैल्यांची तोंडे शिवीत, आणि मग मुनव्वर दारोगा प्रत्येक थैली हाताने तोलून, तोंडातून लाकडी सळई थोडी आत घालून, सळईला लागलेला दाणा पाहून ती मंजूर करी. सटवाच्या प्रकारापासून तो फार जपत असे.

गिरजाऊने न सांगता सुई उचलली.

"अग, माहेरी आलीस की वेठीला?" ठकूमावशी म्हणाली. "भाऊ एवढा तोफेचा धनी, आणि बहीण थैल्या शिवते. पुरण वाट म्हणावं त्याला."

"हात रिकामे राहत नाहीत, मावशी."

"टाका बाकी देखणा आहे हो. उलटा घालतेस?"

"आमच्या आप्पांचा. ओढलं तर आवळतो, उसवत नाही."

बाया हसल्या, बोलल्या, नवऱ्यांच्या खोडी काढल्या. त्यांच्यातल्या निम्म्या उपाशी होत्या, कोणाचा भाऊ दूर गावी, कोणाचा त्याच चरांत. गिरजाऊने त्या दिवसात पाहून ठेवायचे ते पाहिले: थोरलीच्या थैल्या डाव्या अंगाला फळीवर, बंदुकीची बारीक दारू कोपऱ्यातल्या कातडी बुधल्यांत, दोन्हींच्या मध्ये चार पावले.

पंचमीला सकाळी बायांनी सुया टोपलीत टाकून वर फडके बांधले. त्या दिवशी चिरायचे नाही, कापायचे नाही, खणायचे नाही, तवा चढवायचा नाही, सुई टोचायची नाही. जमिनीच्या पोटातल्या नागाला कुठे आणि कशी इजा पोचेल, ते सांगता येत नाही, आणि ती पोचली तर फेडावी लागते भावाला. बाया ओढ्याकाठच्या वारुळाला निघाल्या. गिरजाऊ दाराबाहेर लांब उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला शिवू नका. मी बाजूला बसलेय."

"आजच बरी बसलीस," ठकूमावशीला खरोखर वाईट वाटले. "आता तुझा उपास कसा सुटायचा? बस त्या थैल्यांच्या पालात. आज तिकडं काळं कुत्रं फिरकायचं नाही."

आयुष्यात पाळलेल्या एकेका नेमाला ती त्या सकाळी पाय लावीत चालली होती. विटाळाचे खोटे बोलली, ते पहिले. पालात गेल्यावर तिने टोपलीवरचे फडके सोडले, ते दुसरे. सुई हातात घेतल्यावर मात्र तिची बोटे थांबली. ओढ्याकडून बायांच्या फेराचे गाणे येत होते. त्यात त्या नागोबाला भावासाठी आयुष्य मागत होत्या. गिरजाऊने जमिनीला हात लावला.

"लागली तर मला लागू दे," ती हळू म्हणाली. "त्याला नको."

हे म्हणताना आपण काय शिवणार आहोत, ते तिला ठाऊक होते. तरी ती म्हणाली.

फळीवरची सर्वांत वरची थैली तिने खाली घेतली आणि तिचे तोंड कात्रीने उसवले. दाणेदार दारू ओंजळी-ओंजळीने काढून मोकळ्या पिंपात लोटली, बुधल्यातली बारीक दारू आत भरली, आणि सळई जाईल तेवढ्या वरच्या चार बोटांत पुन्हा ज्वारीएवढा दाणा घातला. वजन हाताला तेच लागावे म्हणून दोनदा तोलून पाहिले. मग तोंड जुळवून टाके घालायला लागली. बोटावर शिंप्याचे टोपण नव्हते. जाड कापडातून रेटताना सुईचे नेढे बोटात रुतले, रक्त आले आणि त्यात दारूची काळी भुकटी बसली.

तेवढ्यात मुनव्वर दारोगा आत आला.

तो लांबच्या मुलखातला. पंचमी म्हणजे बायांचा झोके खेळायचा दिवस, एवढेच त्याला माहीत. ठकूमावशीने सुई हातात घेतलेली बाई त्या दिवशी पाहिली असती, तर तिने छावणी डोक्यावर घेतली असती. दारोग्याने थैली तोलली, सळई घातली, दाणा पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

"बाकीच्या आळशी सगळ्या ओढ्यावर नाचताहेत. कामाची तेवढी तूच," तो म्हणाला आणि थैली स्वतःच्या हाताने पुन्हा सर्वांत वर ठेवून गेला.

दिवस मावळायच्या आधी सुभान झाकलेले ताट घेऊन आला. पालाच्या दाराशी बसून त्याने ते लांबूनच तिच्याकडे सरकवले.

"दिंडं आहेत. मावशीनं उकडली. उपास सोड, आक्का."

"पूजा झाली नाही. कशी सोडू?"

"नाग काय तुला ओळखत नाही होय? बावीस वर्षं..." त्याचे वाक्य अर्धे राहिले. तो तिच्या बोटाकडे पाहत होता. "हे कशानं झालं?"

तिने बोट मुठीत घेतले.

"आज सुई धरलीस?" त्याने विचारले. "माझी बंडी फाटली होती पंचमीला. मी रडून रडून लोळलो, तरी तू टाका घातला नव्हतास. उघडा फिरलो मी दिवसभर."

"सुभाना, उद्या तोफेपाशी उभा राहू नकोस. ताप आला म्हण."

मग त्याने फळीकडे पाहिले.

"कोणती?"

"सगळ्यांत वरची. आप्पांचा टाका आहे."

"म्हणजे माझा मुडदा शिवून झाल्यावर मला सांगतेस."

"न सांगता राहवलं असतं, तर बरं झालं असतं. नाही राहवलं."

"मी मिर्झाला सांगितलं तर?"

"मग सटवाच्या जागी मी."

ते नाव ऐकून त्याचा चेहरा पडला. "त्याला बत्ती मीच दिली. ठाऊक असेल तुला. त्यानं पाणी मागितलं. मी पाजलं. ओठ पुसले त्याचे. आणि मग दिली." त्याने घसा चाचपला. "तेव्हापासून पाणी पितो, ते इथं येऊन थांबतं. खाली जात नाही."

तो उठला. ताप आला म्हणेन, असे तो म्हणाला नाही. मिर्झाला सांगणार नाही, असेही म्हणाला नाही. ताट तिथेच राहिले.

षष्ठीची पहाट निर्मळ उजाडली. कड्यावरचे ओघळ आटले होते आणि बुरुजाचा प्रत्येक दगड खालून मोजता येत होता. गिरजाऊला वाटत होते, आता शिपाई येतील आणि केसांना धरून नेतील. कोणी आले नाही. बायांना पाण्याचे हंडे घेऊन दमदम्याच्या पायथ्याशी उभे राहायचा हुकूम झाला, तापलेल्या तोफेवर ओतायला. ती ठकूमावशीच्या शेजारी उभी राहिली. सुईकामाची कात्री तिच्या कमरेला तशीच होती.

वर सुभान होता. अंगात ताप नव्हता. धुतलेले धोतर नेसला होता. मागच्या चरांत आठशे माणसे शिड्या घेऊन दबा धरून बसली होती, आणि मिर्झा दुर्बीण घेऊन स्वतः दमदम्यावर आला होता.

सुभानच्या हाताखाली सहा गोलंदाज होते. त्याने दोघांना ओली कातडी आणायला पिटाळले, दोघांना पुढचा गोळा घासून आणायला, एकाला नारळासाठी. सहावा उरला, त्याला म्हणाला, "बायांना मागं घे. आवाजानं बैल बुजतील आणि चेंगरतील सगळ्या." मग त्याने पालातून आणून रचलेल्या थैल्यांतली सर्वांत वरची उचलली. तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला. तिथे उलटा टाका बोटाला लागला, आणि खाली, बायांच्या घोळक्याकडे न पाहता, त्याने ती तोफेच्या तोंडात सारली, वर गोळा लोटला आणि गजाने ठासले.

"आज खुशीत दिसतोस," मिर्झा म्हणाला. "बहीण पाहुणी आहे. तिला काय आहेर केलास?"

"करतोय, हुजूर. पहिला नेम आपण पाहावा. आजचा दिवस आपला आहे."

मिर्झा तोफेच्या पाठीवर वाकला. सुभान बत्ती घेऊन एक पाऊल मागे सरला. तेवढ्यात मिर्झाने न वळताच त्याच्या दंडावर हात ठेवला. "इथंच उभा राहा, माझ्या शेजारी. हे तुझंही यश आहे."

गिरजाऊने हंडा टाकला. सगळ्या दिवसाचा आणि रात्रीचा तिचा धीर त्या एका पावलात संपला. "सुभाना," ती ओरडली, "मागं हो."

त्याने वळून पाहिले. मग बत्ती तोफेच्या कानाला लावली.

तो आवाज तोफेचा नव्हता. जमिनीच्या पोटातून काही वर यावे, तसा तो आधी पायांना कळला आणि मग कानांना. थोरलीचा कुल्ला तड्यावर फाटला आणि माणसाच्या धडाएवढाले तुकडे चारी बाजूंना गेले. एक तुकडा मिर्झाच्या छातीतून आरपार जाऊन मागच्या नगाऱ्यात घुसला. बत्तीचे निखारे शेजारच्या थैल्यांवर पडले आणि दमदम्याचा माथाच उडाला. माती, चाके, बैलांची शिंगे, माणसांचे पाय असे सगळे एकत्र वर गेले आणि चरांत दाटीने बसलेल्या आठशे माणसांवर कोसळले. पेटलेली दारू ओल्या अंगांना चिकटली. जे उठले ते जळत उठले आणि आपल्याच शिड्यांत अडकून पडले.

गिरजाऊ चिखलात पडली होती. कान बधिर झाले होते. कोणीतरी तिचे केस मुठीत धरून तिला ओढत होते. अर्धा चेहरा भाजलेला मुनव्वर दारोगा होता तो, आणि त्याला आता सगळे कळले होते. थैली त्यानेच तोलली होती, त्यानेच वर ठेवली होती. तो काय ओरडत होता ते तिला ऐकू आले नाही. तलवार वर गेलेली तेवढी दिसली. तिने कमरेची कात्री उपसली आणि त्याच्या गळ्यात, हाडाच्या वर, मुठीपर्यंत घातली. गरम रक्त तिच्या तोंडावर आले. तो तिच्या अंगावर पडला, आणि त्याच्या ओझ्याखाली असल्यामुळेच ती पुढच्या घटकाभरात वाचली.

कारण दिंडी दरवाजा उघडला होता. निळोजी खराडे तीनशे माणसे घेऊन उतरणीवरून असे आले, की चार महिन्यांची भूक, चार महिन्यांची सरणे त्यांच्या पुढे धावत होती. चरांत उरलेल्यांना वर चढायला अवकाश मिळाला नाही. भाल्यांनी त्यांना खाली दाबून मारले. शरण आलेल्यांचे हात वर असतानाच कापले गेले. ओढ्याचे पाणी, जिथे आदल्या दिवशी बायांनी नागाला दूध वाहिले होते, ते दुपारपर्यंत लाल वाहत राहिले. निळोजींनी तीनदा हात आवरायला सांगितले. तिसऱ्या वेळी लोकांनी ऐकले.

हैबतीने बायकोला दारोग्याखालून ओढून काढले. तिने सुभानचे विचारले, आणि त्याने दमदम्याकडे नुसते बोट दाखवले. मग ती स्वतःच दमदम्याच्या खड्ड्यात उतरली आणि हाताने माती उपसू लागली. सुभानचा उजवा हात तिला सापडला. बत्ती धरलेली मूठ तशीच मिटलेली होती. आणखी थोडे सापडले. ते सगळे तिने मुराळ्याने आणलेल्या नव्या लुगड्यात बांधले.

शत्रूच्या गोलंदाजाला गडावर अग्नी कसा, असे दोघातिघांनी कुजबुजून पाहिले. निळोजींनी त्यांना सदरेवर बोलावले. "पासष्ट माणसं मारली त्यानं. मी विसरलेलो नाही," ते म्हणाले. "आणि सहाशे ठेवली. तेही तुम्ही विसरू नका. लाकडं मी स्वतः घालतो." दहाव्या दिवशी उरलेल्या फौजेने वेढा उठवला.

किल्लेदारांनी गिरजाऊला सोन्याचे कडे देऊ केले. तिने ते कर्णाईच्या पायांशी ठेवले. माळावर गवतात पडलेला थोरलीचा फुटका कुल्ला कोणी वितळवू नये, एवढे तिने मागून घेतले.

पुढे पुष्कळ वर्षे ती जगली. रोजचा दिवा, एकादशा, चतुर्थीचा भावाचा उपास, काही चुकले नाही. फक्त पंचमीला, गडावरच्या बाया सुया-कात्र्या झाकून वारुळाला निघाल्या, की ती दारात बसून एक लहानशी थैली शिवी, तीत ज्वारीच्या लाह्या भरी आणि तोंडाशी उलटा टाका घाली. नव्याने नांदायला आलेल्या एका सुनेने एकदा घाबरून विचारले, "आजी, आज सुई?"

"माझी एकदाच लागली ग," ती हळू म्हणाली. "आता लागत नाही."

षष्ठीला सकाळी ती काठी टेकत माळावर उतरे. गवत बाजूला सारून त्या फुटक्या लोखंडाच्या पोटात थैली ठेवी.

"सुभाना, आहेर पोचला रे," ती म्हणे, आणि मग तिथेच बसून उपास सोडी.